वृद्ध शेतकऱ्याच्या घरीं रोख मदतीनें काय होतें

(समितीच्या वार्षिक सभेंत वागळे इस्टेट, ठाणें येथें वाचलेलें भाषण. देणगीदार मंडळींच्या माहितीसाठीं अहवालासोबत छापिलें आहे.)



गतवर्षीं आपण मोठ्या विश्वासानें आमच्या हातीं द्रव्य दिलें. त्याचा जमाखर्च या पुस्तिकेच्या अखेरीस स्वतंत्र जोडला आहे व तो तपासून घेण्याचा प्रत्येक देणगीदारास अधिकार आहे. परंतु रकमांच्या रकान्यांवरून एका प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. आपला रुपया ज्या घरीं गेला, त्या घरीं जाऊन त्यानें काय केलें, हा तो प्रश्न होय. कित्येकांनीं तो आम्हांस स्पष्ट शब्दांत विचारला. धान्य द्या, चारा द्या, पण रोकड देऊं नका, असें कांहींनीं बजाविलें. आणि एका सन्मान्य गृहस्थांनीं तर समाधानकारक खुलासा होईपर्यंत आपली पुढील देणगी राखून ठेविली आहे. त्यांचा संशय आम्ही वावगा समजत नाहीं. दुसऱ्याचें द्रव्य ज्यानें वाटावयाचें, त्यानें हिशेबास तयार असलें पाहिजे. म्हणून आज सर्व घरांचा आढावा न घेतां एकाच घराची हकीकत सांगण्याची आम्ही परवानगी मागतों. त्या कुटुंबाचें व वाडीचें नांव आम्ही सांगणार नाहीं. मदत घेणाऱ्याची अब्रू ही मदतीच्या अटींत धरूं नये, असें आमचें मत आहे.

ही सभा वागळे इस्टेटींत भरली आहे, हें योग्यच झालें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली वसाहत याच ठिकाणीं उभी राहिली. येथील कारखान्यांत राबावयास सातारा, सांगली, कोल्हापूर या घाटावरील जिल्ह्यांतून व कोंकणांतून माणसें आलीं, आणि किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर या भागांतील चाळींत राहूं लागलीं. तरुण इकडे आले. वडीलधारीं माणसें जमिनीपाशीं राहिलीं. म्हणजे एकाच कुटुंबाच्या दोन चुली झाल्या. एक येथें आणि एक गांवीं. गांवच्या चुलीवर दुष्काळ पडला, म्हणजे त्याची धग येथील चाळीपर्यंत पोंचते. आपल्यापैकीं जे कारखानदार आहेत, त्यांच्या यंत्रावर उभा असलेला कामगार कोणत्या चिंतेनें घेरला आहे, हें त्यांस ठाऊक असेलच.

दुष्काळांत मदत कशी द्यावी, हा वाद आपल्या प्रांतास नवा नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेविली. एवढ्यावर कष्ट करणारा देह टिकत नाहीं, असें मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं निक्षून सांगितलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या काळीं गांवोगांवची माहिती जमवून सरकारपुढें मांडली. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगानें एक मार्मिक गोष्ट नमूद केली. हिंदुस्थानांतील दुष्काळ हा धान्याच्या अभावापेक्षां कामाचा व मजुरीचा दुष्काळ असतो, असें त्याचें म्हणणें पडलें. शंभर वर्षांनंतर, १९८१ सालीं, प्राध्यापक अमर्त्य सेन यांनीं हेंच तत्त्व सांगोपांग सिद्ध केलें. बाजारांत धान्य असूनही तें विकत घेण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातांतून गेलें, तो उपाशी राहतो, असा त्यांच्या ग्रंथाचा आशय आहे.

याच विचारानें आपल्या राज्यानें १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमी योजना हातीं घेतली, व १९७७ सालीं तिचा कायदा केला. या योजनेच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. तेव्हां या वसाहतींतील मालकानें व कामगारानें आपल्या कमाईंतून दुष्काळी गांवांच्या कामांस हातभार लावण्याची परंपरा पन्नास वर्षांची आहे. आम्ही आज कांहीं अपूर्व मागणी करीत नाहीं.

परंतु हमीच्या कामांत एक उणीव राहते. काम करूं शकेल त्यासच तिचा लाभ. ज्याचे गुडघे धरले आहेत आणि ज्यास दोन घमेलीं माती उचलवत नाहीं, त्यानें काय करावें? १८८० च्या आयोगानेंही हें ओळखून, वृद्ध व अपंग यांस कामावर न बोलावतां त्यांच्या गांवींच मदत पोंचवावी, असें सुचविलें होतें. आमची रोख मदत ही त्याच जातीची आहे.

आतां त्या घराकडे वळूं. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुका आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस तेथवर पोंचेपर्यंत आटून जातो; तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. तेथील एका वाडींत शहात्तर वर्षांचा एक शेतकरी व त्याची अडुसष्ट वर्षांची पत्नी राहतात. चार एकर जिराईत जमीन, एक गाय, दोन शेळ्या. खरिपांत बाजरी, आणि परतीचा पाऊस झाला तर रब्बीस शाळू. धाकटा मुलगा याच वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस आहे व बायकामुलांसह किसननगरांत राहतो. थोरला वारला. गायीचें दूध डेअरीस जातें आणि दर दहा दिवसांनीं त्याचें बिल मिळतें. या घरांत नियमानें येणारा पैसा तेवढाच. गतवर्षीं खरीप बुडालें, शाळू पेरलाच नाहीं, आणि माघ महिन्यांत विहीर तळास गेली.

तेव्हां आम्ही प्रथम काय केलें, तें लपवीत नाहीं. आम्हीं धान्य नेलें. ज्वारीचें एक पोतें त्यांच्या ओसरीवर उतरविलें आणि समाधानानें परतलों. पंधरा दिवसांनीं पुन्हा गेलों, तों पोतें दिसेना. विचारतां म्हातारा खालीं मान घालून म्हणाला, "इकलं साहेब. रेशनचं धान्य घरात हाय. पर गाईला वैरण न्हाई, आन् गोळ्या संपल्यात." सरकारी शिधापत्रिकेवर माणशीं दरमहा पांच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतें, हें आम्हांस ठाऊक असूनही आम्हीं तें जमेस धरिलें नव्हतें. ज्या दरानें आम्हीं ज्वारी ठाण्यास घेतली, वर मोटारभाडें भरलें, त्याहून पुष्कळ कमी दरानें ती त्यानें गांवांत विकली. मधला सर्व फरक आपल्या देणगींतून गेला. व्यापारी मंडळींस यांतील तोटा अधिक सांगावयास नको.

त्यानंतर आम्हीं फाल्गुनापासून आषाढापर्यंत पांच महिने दरमहा दोन हजार रुपये रोख देण्याचें ठरविलें. येथेंही पहिलें पाऊल चुकलें. रक्कम म्हाताऱ्याच्या बँकेतील खात्यावर भरली. त्या खात्यामागें जुन्या पीककर्जाची थकबाकी होती, आणि पहिला हप्ता परस्पर तिकडे वळता झाला. म्हाताऱ्यानें हें आम्हांस सांगितलें नाहीं. देणाऱ्यास कसें विचारावें, या संकोचानें तो गप्प राहिला. तो हप्ता आम्हीं पुन्हा दिला, व हा दुहेरी खर्च जमाखर्चांत वेगळा दाखविला आहे. मग पत्नीच्या नांवें टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेंत खातें उघडलें. ही बँक २०१८ पासून देशभर चालू आहे आणि तिचे पैसे पोस्टमन घरीं येऊन देतो. आजींच्या बोटाचा ठसा कष्टानें इतका झिजला आहे कीं, पहिल्या दिवशीं तो यंत्रावर उमटेना. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या बोटाचा उमटला. १८८० सालीं मनीऑर्डरी सुरू झाल्या तेव्हांपासून घाटावरच्या ज्या घरांनीं पोस्टमनची वाट पाहिली, त्या घरांस ही रीत परकी वाटली नाहीं.

या पैशाचें काय झालें, तें महिनेवारीनें ऐकावें. पहिल्या महिन्याचे बहुतेक पैसे गांवांतील दुकानदाराची उधारी फेडण्यांत गेले. हें समजतांच आमच्यांतील एका सभासदास राग आला. दुष्काळपीडितासाठीं जमविलेला पैसा वाण्याच्या गल्ल्यांत कां जावा, असें ते म्हणाले. आम्हांसही क्षणभर तसेंच वाटलें. परंतु आपण व्यापारी आहांत. आपण हें अधिक जाणतां. उधारी फिटली त्याच दिवशीं दुकानदारानें तेल, मीठ, चहा, साबण पुन्हा वहीवर देण्यास सुरुवात केली. म्हणजे दोन हजारांनीं केवळ जुनें देणें वारलें नाहीं, तर त्या घराची पत परत आणली. ज्याची पत गेली, त्यास गांवांत चार पैशांचा जिन्नसही रोखीवांचून मिळत नाहीं, आणि तोच मग सावकाराकडे वळतो. १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, ती पत व कर्ज यांची गांठ सुटेनाशी झाल्यामुळें. ती गांठ आंवळण्यापूर्वींच सैल करणें पुष्कळ स्वस्त पडतें.

दुसऱ्या महिन्यांत कडबा आला. चैत्रांत एक दलाल गाय मागावयास येऊन गेला होता आणि म्हातारा जवळजवळ राजी झाला होता. दुष्काळांत सर्वच जण जनावरें विकावयास काढतात, त्यामुळें भाव कोसळतात. पाऊस पडल्यावर तीच गाय दुप्पट किंमतीस घ्यावी लागते. जमीनदार मंडळींनीं हें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. कडबा आल्यावर गाय दावणीस राहिली, आणि दर दहा दिवसांचें दुधाचें बिल, थोडें कां होईना, चालू राहिलें. आमच्या मतें या एका महिन्याच्या मदतीनें उरलेल्या चारांचें मोल भरून काढलें.

तिसऱ्या महिन्यांत रक्तदाबाच्या गोळ्या आल्या आणि आजींच्या डोळ्यांची तपासणी झाली. पंच्याहत्तर वर्षांवरील माणसास २०२२ च्या ऑगस्टपासून एस. टी. चा प्रवास मोफत आहे, व स्त्रियांस २०२३ पासून अर्धें तिकीट. त्यामुळें प्रवासाचा भार हलका झाला. चौथ्या महिन्यांत, मृगापूर्वीं, बाजरीचें बियाणें घेतलें. पांचव्यांत पेरणीसाठीं शेजाऱ्याच्या बैलांचें भाडें दिलें, आणि उरल्यांतून माहेरीं आलेल्या लेकीस साडी घेतली. ही साडी आम्ही मुद्दाम सांगतों. कोणी म्हणेल, ही चैन आहे. पण दुष्काळाच्या वर्षीं लेक माहेराहून रिकाम्या हातीं गेली, तर त्या मातेस काय वाटतें, हें या सभेंतील भगिनी जाणतात. म्हातारा तंबाखू खातो. तो पूर्वीं जेवढी खात होता तेवढीच आतां खातो.

रोख पैसा दारूंत व तंबाखूंत उडतो, ही भीति सर्वत्र आहे. म्हणून तिची परीक्षाही अनेक देशांत झाली आहे. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनीं २०१४ सालीं अनेक देशांतील पाहण्या एकत्र तपासल्या; रोख मदतीनें अशा वस्तूंवरील खर्च सर्वसाधारणपणें वाढत नाहीं, असें त्यांस आढळलें. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशांत २०११ च्या सुमारास 'सेवा' संस्थेनें युनिसेफच्या साह्यानें कांहीं खेड्यांत प्रत्येक प्रौढ माणसास प्रथम दरमहा दोनशें व पुढें तीनशें रुपये बिनशर्त दिले. तेथेंही लोक आळशी झाले नाहींत. उलट अन्न, औषधपाणी व मुलांचें शिक्षण यांकडे लक्ष वाढलें, आणि शेतींतील काम कमी झालें नाहीं. आम्हीं पाहिलेलें एक घर कांहीं सिद्ध करीत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु तें या मोठ्या अनुभवाशीं जुळतें.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सरकार रोख देतच आहे, मग आपण कां द्यावी? केंद्र सरकारचा किसान सन्मान निधि २०१९ सालीं सुरू झाला. त्यांतून वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं मिळतात. राज्य सरकारनें २०२३ सालीं नमो शेतकरी महासन्मान निधि काढून तितक्याच रकमेची भर घातली. या घरास दोन्ही मिळतात. मिळून वर्षाचे बारा हजार, म्हणजे दोन माणसांस व तीन जनावरांस महिन्याला एक हजार. तेही महिन्याच्या महिन्याला येत नाहींत. हप्ता येतो तो सरकारच्या वेळापत्रकानें, आणि चारा संपतो तो उन्हाच्या वेळापत्रकानें. मध्यंतरीं ओळख-पडताळणी न झाल्यामुळें म्हाताऱ्याचा एक हप्ता अडकला होता. बोटांऐवजीं चेहऱ्यावरून पडताळणीची सोय २०२३ सालीं झाली खरी, पण ती करून देणारें माणूस वाडींत नव्हतें.

शिवाय मधल्या फटी आहेत. श्रावणबाळ योजनेंतून पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धास दरमहा साहाय्य मिळतें. २०२३ सालीं तें पंधराशें रुपये करण्यांत आलें. पण त्यासाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आंत असावें लागतें, आणि शिधापत्रिकेवर मुलाचें नांव असल्यामुळें या दांपत्यास तसा दाखला मिळत नाहीं. २०२४ सालीं आलेल्या लाडकी बहीण योजनेंत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, परंतु वयाची मर्यादा पासष्ट. आजींनीं ती ओलांडली होती. म्हणजे जिला एका वर्षीं गरीब मानून पैसे द्यावे, तीच पासष्टी उलटतांच इतकी सधन ठरते कीं वृद्धांच्या योजनेंतही बसत नाहीं. आणि ज्याच्या नांवावर सात-बाराचा उताराच नाहीं, अशा वाटेकऱ्यास व शेतमजुरास तर शेतकऱ्याची म्हणून कोणतीच रक्कम नाहीं. या फटींत पडलेल्यांस हात देणें, हेंच आमच्यासारख्या लहान समितीचें काम. सरकारची जागा घेण्याचा आमचा आव नाहीं.

तिसरा आक्षेप आमच्याच मनांत उठला, आणि तो आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतों. चैत्र महिन्यांत किसननगरांतील मुलानें घरीं पैसे पाठविले नाहींत. आमच्या मदतीनें मुलाचें कर्तव्य तर सुटलें नाहीं ना? आम्हीं त्यास येथेंच गांठून विचारलें. त्यानें खालच्या आवाजांत सांगितलें कीं, खोलीचें भाडें दोन महिन्यांचें तटलें होतें. आबांस मदत मिळते हें कळल्यावर तें आधीं भरलें. वैशाखापासून त्यानें पुन्हा पैसे पाठविले. म्हाताऱ्यास हें सांगतां तो रागावला नाहीं. तो म्हणाला, "त्याची चूल पेटली ती माझीच पेटली म्हणायची." आम्ही निरुत्तर झालों. आपल्या देणगीचा एक भाग गांवींच्या चुलीवरून फिरून या वसाहतींतल्या चाळींत आला, हें खरें आहे. तो वाया गेला असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र पांचच महिन्यांची मुदत ठेवणें योग्य होतें, हें यावरून आम्ही शिकलों. मदत अडचणीच्या काळापुरती असावी. मुलाच्या मायेची जागा तिनें घेऊं नये.

आणखी एक बदल आम्हीं टिपला. पूर्वीं औषधासाठींही म्हातारा मुलास फोन करण्यास कचरत असे, व आजी म्हाताऱ्याजवळ तोंड उघडीत नसत. पैसे त्यांच्या नांवें येऊं लागल्यावर डोळ्यांच्या तपासणीची गोष्ट त्यांनीं स्वतः काढली. तीन वर्षें त्यांस अंधुक दिसत होतें. घरांत कोणास ठाऊक नव्हतें.

रोकडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथें बाजारांत चाराच नाहीं, तेथें रुपया चघळून गाय जगत नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत म्हसवड येथें माणदेशी फाउंडेशननें जनावरांची छावणी चालविली, ती याचसाठीं योग्य होती. पिण्याचें पाणी ज्या वाडीस टँकरनेंच येतें, तेथें टँकरच हवा. आणि पांच महिन्यांच्या रकमेनें विहिरीस पाणी लागत नाहीं. रोख मदत माणसास पुढच्या पावसापर्यंत नेऊन पोंचविते. याहून अधिक तिच्याकडून अपेक्षूं नये. बाजारांत वस्तु मिळत असेल तेथें रोख, मिळत नसेल तेथें वस्तु, हा नियम आम्हीं यापुढें ठेविला आहे.

आतां विनंति. येत्या उन्हाळ्यांत हेंच काम चालू ठेवावयाचें आहे. ज्यांच्या नांवावर जमीन नाहीं अशा वृद्ध विधवा, वाटेकरी व मजूर यांस प्रथम घ्यावें, आणि त्यांचीं नांवें ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून कायम करावीं, असा आमचा संकल्प आहे. जे सांवकाश सांगतील, त्यांची वाट पाहूं. जे लाजून सांगणार नाहींत, त्यांच्या दाराशीं जाऊं. एका घरास पांच महिन्यांस दहा हजार रुपये लागतात. कोणी एक घर घ्यावें, कोणी चौघांनीं मिळून एक घ्यावें, कोणी एकच महिना घ्यावा. आम्हांस सर्व सारखेंच मान्य आहे. देतांना दोन गोष्टींचा आग्रह मात्र धरूं नये. मदत घेणाऱ्याचें छायाचित्र मागूं नये, आणि त्यानें पैसा कसा खर्चावा, याची यादी देऊं नये. हिशेब आम्ही देऊं. त्यानें कां द्यावा?

ज्या गृहस्थांनीं देणगी राखून ठेविली आहे, त्यांस आमचा खुलासा इतकाच आहे. आम्हीं धान्य नेलें, तेव्हां तें विकलें गेलें. रोकड नेली, तेव्हां गाय राहिली. यावरही त्यांचा संशय फिटला नाहीं, तर त्यांनीं आमच्यासोबत वाडीस यावें. पाऊस चांगला झाला. शेवटीं गेलों तेव्हां बाजरी कणसांवर आली होती, आणि आजी नव्या चष्म्यानें तांदूळ निवडीत ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनीं आम्हांस चहा दिला. त्या चहांत त्या गायीचें दूध होतें.

आपले नम्र सेवक,
समितीचे सभासद